मूठ

"दोन्हीकडे एकच आहे," जंतूवाला म्हणाला. त्याच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं आणि दारावर पितळी अक्षरांत लावलेलं होतं, पण वॉर्डातले सगळे त्याला जंतूवालाच म्हणत, आणि मीही मनात तेच म्हणू लागले होते. "तुमच्या भावाच्या रक्तात जो सापडला आणि तुमच्या नाकातून आम्ही जो काढला, ते एकच आहेत. नुसते एका जातीचे नव्हेत; एका जातीचे तर गल्लोगल्ली सापडतील. हे एका घरातले आहेत." मी नकळत नाकाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. काढलेला हात ठेवायचा कुठे ते मग कळेना. टेबल त्याचं, मांडी माझी, खुर्चीचा दांडा माझ्यानंतर येणाऱ्याचा. शेवटी नखं नुकती रंगवलेल्या मुलीसारखा मी तो हवेतच धरून ठेवला. जंतूवाल्याने ते पाहिलं आणि हसू दाबलं. माणूस वाईट नव्हता. लोकांच्या नाकातलं, घशातलं, काखेतलं काहीबाही बशीत वाढवत दिवसभर एकटा बसणारा माणूस समोर कुणी आलं की जितका बोलेल तितकाच तो बोलत होता, म्हणजे फार. दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात हा असतो म्हणाला, आयुष्यभर राहतो आणि काही करत नाही, आवाज न करणाऱ्या भाडेकरूसारखा. मला तो कधी कळलाही नसता. पण औषधांनी दादाच्या अंगात पांढऱ्या पेशी शिल्लक ठेवल्या नव्हत्या, आणि छातीतून आत जाणारी नळी ही त्याला आयती वाट मिळाली. परवाचा ताप त्याचाच. तो उतरला होता, औषध लागू पडलं होतं. प्रश्न पुढचा होता.

"म्हणजे मीच दिला," मी म्हटलं.

"असं कसं म्हणता ताई? तुम्ही त्यांना, की त्यांनी तुम्हाला, की दोघांनाही तिसऱ्याच कुणी, हे आता देवही सांगू शकणार नाही. तुम्ही दोघं हातात हात घालून कधीपासून आहात?"

"मला कळायला लागल्यापासून."

"मग झालं तर. विहीर एक, पाणी दोन्हीकडून काढलेलं."

माझा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा आहे आणि ऐन तारुण्यात त्याचे डोळे गेले. हे वाक्य मी इतक्या खिडक्यांसमोर म्हटलं आहे की आता ते घरच्या पत्त्यासारखं तोंडातून बाहेर पडतं. त्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो अगदी हळू आवाजात विचारतो, मग तुम्ही बोलता कसे. जणू मोठ्याने विचारलं तर दादाला ऐकू जाईल. हातात, मी सांगते. तो बोलतो तेव्हा हातांनी खुणा करतो, त्या मला दिसतात. मी बोलते तेव्हा तो आपले पंजे माझ्या हातांवर ठेवतो आणि माझे हात जातील तिकडे त्याचे हात जातात. डोळे होते तोवर आम्ही खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडायचो. मग तो संध्याकाळी स्टुलांना अडखळायला लागला. मग म्हणाला, एवढे मोठे हात करू नकोस, चेहऱ्यासमोर, लहान लहान कर, मी नळीतून बघतो आहे असं समज. आणि मग एका सकाळी, मी भांडी विसळून ओल्या हातांनी त्याला साखर संपल्याचं सांगत होते, तेव्हा त्याने एकदम माझी दोन्ही मनगटं धरली. "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, साखर संपली. त्याचे पंजे माझ्या हातांवर सरकले, बोटांच्या मागोमाग गेले. "कळलं," तो म्हणाला आणि हसला. इतका मोकळा तो कितीतरी महिन्यांत हसला नव्हता. मी हसले नाही. मी शाळेत होते, मला बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या, आणि हे हात आता सुटायचे नाहीत एवढं मला त्या साखरेच्या डब्यापाशी लख्ख कळलं.

सुटले नाहीतच. नळ बनवणाऱ्या कारखान्यात त्याला काम मिळालं ते माझ्यामुळे आणि मला मिळालं ते त्याच्यामुळे. तो तपासणीच्या बाकावर बसायचा. नळाच्या आतल्या आट्यांमधून करंगळी फिरवायची आणि कुठे धार राहिली असेल, कुठे आटा तुटला असेल तर तो नळ डाव्या पेटीत टाकायचा. मी पलीकडे खोकी बांधायचे आणि त्याचे कान व्हायचे. फोरमन म्हणायचा, तुझ्या भावाच्या करंगळीला डोळा आहे. मी ते दादाला सांगितलं. तो म्हणाला, फोरमनला सांग, तिला चष्मा लागायची वेळ आली आहे. मी फोरमनला सांगितलं, तो खो खो हसला. पण तेव्हा पलीकडच्या बाकावरची माणसंही हसत होती, वेगळ्याच कशाला तरी, आणि दादाने लाकडातून त्यांचे धक्के ओळखून विचारलं, काय झालं? काही नाही, सोड, मी म्हटलं. हे "काही नाही, सोड" मी किती वेळा म्हटलं असेल! जेवणाच्या टेबलावर पाहुणे दहा मिनिटं बोलले की मी त्याच्या हातात दोन वाक्यं ठेवायचे. कंटाळा यायचा. माझे हात दुखायचे. दोन माणसांचं आयुष्य एका जोडी हातांनी जगायचं म्हणजे काही गाळावंच लागतं, असं मी स्वतःला सांगायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

दंडावर निळे डाग दिसले तेव्हा आधी आम्हाला वाटलं बाकावर आपटला असेल. मग हिरड्यांतून रक्त, मग तपासण्या, मग हा वॉर्ड. काचेची भिंत असलेली एकट्याची खोली, आत गाळलेली हवा, दाराशी हात धुवायचं भांडं, झगे, मास्क आणि हातमोज्यांची खोकी. औषधांनी त्याचे केस गेले आणि बोटांची टोकं बधिर झाली. करंगळीचा डोळा मिटला, तो म्हणाला. रबरी मोज्यातून मी काय बोलते ते त्याला आधीच धूसर लागायचं, बधिर बोटांना तर त्याचा चिखलच झाला. म्हणून मी मोजे काढायचे. नियम मला माहीत होता, दारावर चित्रासकट लावलेला होता. नर्सबाई पाठमोऱ्या असल्या की काढायचे, त्याच्या पंजाखाली उघडे हात सरकवायचे, आणि बोलायचे. काय बोलायचे? जीवनमरणाचं काही नव्हे. फोरमनने टोपी घालायला सुरुवात केली आहे, टक्कल झाकायला. शेजारच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. नवऱ्याने पुन्हा दूध उतू घालवलं. त्या पिल्लांच्या रंगासाठी मी त्याचा जीव धोक्यात घातला असेल, हे आता जंतूवाल्याच्या खोलीत, हात हवेत धरून बसलेली असताना मला दिसत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे हेही दिसत होतं, की पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा सांगेन, पाचातलं एक पांढरं आहे म्हणून.

"तिसऱ्या कुणी म्हणजे कुणी?" मी विचारलं.

"कुणीही. एका घरात राहणारी माणसं एकमेकांच्या अंगावरही राहतात. एका ताटातलं खाणं, एकमेकांचा टॉवेल, मुका घेणं, हात धरणं. जितकं जवळ तितकं सारखं. लहानपणी बहुतेक आईकडून. आई आहेत?"

"नाहीत."

आई रुमालाचं टोक जिभेवर ओलं करून आमची तोंडं पुसायची. आधी माझं, मग त्याच टोकाने दादाचं. फळाची फोड आधी स्वतः चावून बघायची, आंबट नाही ना म्हणून, आणि उरलेली आमच्या तोंडात कोंबायची. एका अंथरुणात आम्ही तिघं झोपायचो आणि दादा रात्री माझ्या तोंडावर हात ठेवून झोपायचा, माझा श्वास चालू आहे ना ते त्याला ऐकू येत नसे म्हणून. माझं नाक तेव्हा सदा वाहायचं. खुणांच्या भाषेत माणसाला एक खुणेचं नाव ठेवतात. दादाने माझं ठेवलेलं नाव म्हणजे नाकाखालून ओढलेलं बोट. शेंबडी. मी दोन कचेऱ्यांत, एका कोर्टात, माझ्या स्वतःच्या लग्नात याच नावाने वावरले. आई गेली तेव्हा तिने मागे काही ठेवलं नाही, असं आम्ही म्हणत आलो. दोन पातेली, एक कात्री आणि एक फोटो, ज्यात ती अर्धी कापली गेली आहे. आणि हे कुणाला ठाऊक होतं, की तिच्या नाकातलं काहीतरी आमच्या नाकात बसून आहे, पिढ्यान्‌पिढ्या वाढत आहे, आणि आम्हा दोघांत कोण पुढे जाणार याची त्याला फिकीर नाही. मला गलबलून आलं. जंतूवाल्याने टिश्यूचं खोकं पुढे केलं आणि मी नाक शिंकरल्यावर टाकायला लाल झाकणाचा डबाही पुढे केला.

डॉक्टरबाईंनी पुढचं सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांचं सगळंच थोडक्यात असे, आणि मला त्याचा राग येत नसे, कारण मीही तशीच. आता खरा जोरदार डोस द्यायचा. त्यात अंगातलं उरलंसुरलं सगळं मारायचं आणि मग हाडांत नवीन मगज भरायचा. त्या काळात एकही अनोळखी जंतू आत जाता कामा नये आणि ओळखीचा तर मुळीच नको. तुम्ही मलम आणि साबणाचा कोर्स पूर्ण करा, तपासणी स्वच्छ येईपर्यंत काचेच्या बाहेर. आली तरी आत उघडे हात नाहीत, कित्येक आठवडे नाहीत. डोस दोन दिवसांत सुरू व्हायला हवा, नाहीतर आजार पुन्हा डोकं वर काढेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. मी म्हटलं, सुरू करा, मी सही देते. त्या म्हणाल्या, "तुमची सही कशाला? ते शुद्धीवर आहेत, शहाणे आहेत. 'हो' त्यांनी म्हणायला हवं." त्या बरोबर बोलत होत्या. इतक्या वर्षांत कुठल्याही कचेरीत कुणी हे म्हटलं नव्हतं, आणि नेमकं आज म्हटलं.

मला एकदाच आत सोडलं, त्याला सांगायला. झगा, मास्क, टोपी आणि एकावर एक दोन मोजे. मी त्याच्या पंजाखाली हात नेले. त्याची बोटं रबरावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. "कोण आहे?" त्याने विचारलं. मी माझं नाव सांगितलं, त्याच्याच हाताला धरून त्याच्याच नाकाखालून बोट ओढलं. "खोटं," तो म्हणाला. "तिचे हात गरम असतात. कोण आहे?" मी सांगायला लागले, जंतू, नळी, ताप, डोस. त्याला काही कळत नव्हतं. त्याची बोटं माझ्या मनगटाकडे चालली, मोजा संपतो तिथे, कातडी शोधत. ती सापडताच त्याने मोज्याची कड ओढली. आणि मी ती ओढू दिली. नर्सबाई धावल्या, त्यांनी मला खांद्याला धरून मागे खेचलं. दादाचे हात क्षणभर रिकाम्या हवेत चाचपडले. मग त्याने दोन्ही मुठी आवळल्या आणि काखेत घातल्या. लहानपणी भांडणात मी जिंकायला लागले की तो हेच करायचा. आपण कान झाकून घेतो तसं. पण कान झाकले तरी मोठ्याने ओरडलेलं थोडं ऐकू येतं. आवळलेल्या मुठीत काहीच जात नाही.

तेव्हापासून तो मुठी उघडत नव्हता. नर्सबाई चमच्याने भरवत होत्या, तो खात होता, पण हात काखेत. बहिऱ्या-आंधळ्यांच्या शाळेतल्या शिक्षकाला बोलावलं. त्याने मुठीवर टकटक केलं, खांद्यावर खुणा केल्या, थकून परत गेला. मी घरी मलम लावत होते. सकाळ-संध्याकाळ नाकपुड्यांत, वाटाण्याएवढं. लाल साबणाने डोक्यापासून पायापर्यंत, अंगावर ठेवून, मग धुवायचं. चादरी उकळायच्या. नखं मुळापासून. बाथरूममध्ये उभी राहून साबण वाळायची वाट बघताना मला वाटायचं, मी नेमकं काय धुऊन टाकते आहे? जन्मभर पाळलेलं, आईचं, दादाचं, आम्हा दोघांत सारखं असलेलं तेवढंच एक. दिसायला तर आम्ही सारखे नाहीच. मारायलाच हवं होतं. त्याचा जीव घ्यायला निघालेली वस्तू होती ती. तरी पाण्याबरोबर फेस जाळीतून खाली जाताना मी बघत राहायचे आणि नवरा दारावर टकटक करायचा, आत झोपलीस काय म्हणून. नवऱ्याचंही नाक तपासलं होतं. त्याच्यात सापडला तो दुसराच निघाला, त्याचा त्याचा. "म्हणजे एवढ्या वर्षांच्या संसारात मी पाहुणाच," तो म्हणाला. तो गमतीने म्हणाला होता, मीही हसले, पण मग तो बराच वेळ रेडिओचं बटण उगाच फिरवत बसला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या माणसाने झोपेत माझा हात कधी धरला असेल तर तोही कामावरून दमून आलेला, दुसऱ्याला देऊन उरलेला हात होता.

हात रिकामे होते. हे मी कुणाला सांगू शकत नव्हते, कारण ऐकणाऱ्याला ते सुटीसारखं वाटलं असतं. बसमध्ये उभी असताना माझी बोटं आपोआप बोलायची. कंडक्टर चिडला आहे, खिडकीशी बसलेली मुलगी रडून आली आहे, सिग्नलवर फुगेवाला फुगे बांधतो आहे. हे सगळं दादाच्या पंजात ठेवायच्या तयारीने बोटं हलायची आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघून थोडा सरकायचा. बसच्या दांड्यावर माझ्या हाताच्या वर एक हात, खाली एक हात. दोन शाळकरी मुली एकाच बाटलीला आळीपाळीने तोंड लावत होत्या. एक म्हातारा आपला चष्मा पुसून म्हातारीच्या डोळ्यांवर चढवत होता, वाच म्हणत होता. सगळ्यांचं सगळ्यांना लागत होतं. कुणी विचारत नव्हतं, कुणी देत आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या गर्दीत दोन दांड्यांच्या मध्ये मीच एकटी कोरडी, मलम लावलेली, कुणाला काही न देणारी उभी होते. मला दादाचा राग आला. खरंच आला. मुठी आवळून बसणं सोपं होतं. मला कधी मुठी आवळता आल्या नाहीत. त्यात नेहमी त्याची बोटं होती.

आणि मग, त्याच बसमध्ये, मला दुसरी बाजू दिसली. मी माझ्या भावाबद्दल आयुष्यभर हव्या त्याच्याकडे कुरकुर केली होती. नवऱ्याकडे, मैत्रिणीकडे, फोरमनकडे, परवा जंतूवाल्याकडेसुद्धा. त्याने माझ्याबद्दल कुणाकडे करायची होती? त्याचं तोंड मी होते. माझी चहाडी करायची तर ती माझ्याच हातात करावी लागणार. मी गाळते, मी चिडते, मी दमल्यावर माझे हात आखडतात, हे त्याला कातडीतून कळत असणारच. पण ते ऐकायला माझ्याखेरीज कुणी नव्हतं. माझ्यापासून लपवायचं असं काही त्याच्याकडे असेल तर ते त्याच्या पोटातच राहिलं होतं, किती वर्षं देव जाणे. घाबरला असेल तरी ते मला सांगितलं की मी घाबरणार, आणि माझ्या हाताची थरथर परत त्याच्याच पंजात येणार. म्हणून तो नेहमी विनोद करायचा. माझा थांबा येऊन गेला आणि मी पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून चालत हॉस्पिटलमध्ये गेले.

दुपार होती. काचेपाशी डॉक्टरबाई उभ्या होत्या आणि घड्याळाकडे न बघता घड्याळाचंच बोलत होत्या. "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर मला हा डोस सोडून द्यावा लागेल. जबरदस्तीने देणार नाही मी." आत दादा उशीला टेकून बसला होता, डोकं उघडं, मुठी काखेत. तो इतका लहान दिसत होता की मी नजर काढून घेतली. नर्सबाई त्याचा रक्तदाब घेत होत्या. त्यांचे हात तपासून झाले होते, त्यांच्या नाकात काही नव्हतं, त्या उघड्या, धुतलेल्या हातांनी काम करत होत्या. त्यांना खुणांची भाषा औषधालाही येत नव्हती. पट्टा सोडल्यावर त्यांनी त्याच्या दंडावर पडलेला वळ बोटाने चोळला, जसा कुणीही चोळेल. मग त्या थांबल्या. मग मनगटापासून कोपरापर्यंतच्या त्या पांढऱ्या, पातळ कातडीवर त्यांनी बोटाने एक मोठं अक्षर काढलं. हात काखेत असला तरी तेवढा भाग उघडाच होता. पहिलीतल्या मुलाला शिकवतात तसं, सावकाश, गिरवून. मी काचेला नाक लावलं. अक्षरं दादाला येत होती, शाळेत शिकला होता. पण आम्ही ती कधी वापरली नाहीत. आमच्याकडे अख्खी भाषा असताना बाराखडीने कोण बोलणार? ती परक्यांची रीत, दुकानदारांसाठी ठेवलेली. त्यांनी लिहिलं: मी नर्स. मग पुसल्यासारखा तळहात फिरवून पुन्हा: बहीण बरी आहे.

दादा हलला नाही. मग त्याची मान थोडी वळली. मग डावी मूठ काखेतून बाहेर आली, मांडीवर बसली, आणि उघडली. उघडताना बोटं किती ताठली होती ते मला इथून दिसत होतं. त्याने चादरीवर बोटाने लिहिलं, आणि नर्सबाई वाकून वाचू लागल्या, आणि मीही वाचू लागले. माझ्या भावाला दुसऱ्या कुणाशी बोलताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. तिला का येऊ देत नाही? त्याने लिहिलं. नर्सबाई सांगत गेल्या. त्यांना वेळ लागत होता, वॉर्डातली घंटा दोनदा वाजली आणि त्या गेल्या नाहीत. जंतू. दोघांचा एकच. डोस. आठवडे. हात नाही. बाई काहीच गाळत नव्हत्या. गाळायचं कसं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मी वाचेन का? दादाने विचारलं होतं, आणि त्यांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं, डॉक्टरबाईंनी काचेतून पाच बोटं वर केली, म्हणजे दहात पाच, आणि नर्सबाईंनी ते जसंच्या तसं त्याच्या हातावर लिहिलं: अर्धी आशा. मी असते तर हा आकडा त्याच्या हातापर्यंत पोचला नसता. दादाने मान डोलावली. त्याला धक्का बसलेला दिसला नाही. उलट कुणीतरी शेवटी नीट उत्तर दिल्यासारखा तो जरा सैल झाला. मग त्याने चादरीवर लिहिलं: ती फार गाळते. दमते बिचारी. तिला सांगू नका. नर्सबाईंनी ते वाचलं, वर बघितलं, आणि मी काचेपाशी उभी असलेली त्यांना दिसले. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. त्या वाकल्या आणि त्यांनी लिहिलं, कारण खोटं बोलणं त्यांना सुचलं नाही: ती इथेच आहे. काचेबाहेर.

दादाचे दोन्ही हात उचलले गेले. तो नेहमी आधी माझा हात धरतो आणि मगच बोलतो. हातात कुणी नसेल तर मी भिंतीशी बोलतो आहे की काय ते मला कसं कळणार, असं तो म्हणायचा. आता त्याच्या हातात कुणी नव्हतं. त्याने तोंड वळवलं तेही चुकीच्या बाजूला, खिडकीकडे. पण हात छातीसमोर आले आणि बोलले, मोठे, जुने, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतील असे.

"उद्या सुरू करा म्हणून सांगतो," तो म्हणाला. "मला भीती वाटते. तुला सांगितलं नव्हतं." त्याचे हात थांबले, पुढचं शोधत राहिले. "तू रोज ये. काचेपाशी उभी राहा. मला कळणार नाही, पण उभी राहा."

डॉक्टरबाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, भीतीचाही नाही. त्या लगबगीने फोनकडे गेल्या. आत दादाने उत्तरासाठी हात पुढे केले होते, तळवे वर, खिडकीच्या दिशेने, आणि तिथे कुणी नव्हतं. नर्सबाईंनी ते आपल्या हातात घेतले. त्या माझ्याकडे बघत होत्या. मास्कवरून त्यांच्या भुवया उंचावल्या: काय सांगू?

"हो म्हणा," मी मान डोलावत म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाहिली होती आणि माझं स्वतःचं एवढंच निघालं. त्यांनी त्याच्या हातावर ते लिहिलं. दादाने मान हलवली. पण त्याने हात मागे घेतला नाही. आणखी काही येईल म्हणून तो तसाच उघडा ठेवून बसला. मला जे सांगायचं होतं ते त्या परक्या बोटात, एकेक अक्षर करत, संध्याकाळपर्यंतही मावलं नसतं. मी काचेच्या आणखी जवळ गेले आणि मास्क खाली ओढला, माझे ओठ त्यांना नीट दिसावेत म्हणून.

"आणखी लिहा," मी म्हटलं. "मी सांगते तसं लिहा."